नगरच्या कचेरीतला विवाह

ऋण, मानपान आणि रुसवेफुगवे यांवाचून विवाह रुचिसंपन्न रीतीने होऊ शकतो, याविषयी ज्यांना शंका वाटते, त्यांनी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत एकदा अवश्य जाऊन पाहावे. १८७३ साली सत्यशोधक समाजाने पुण्यात पुरोहितावाचून विवाह लावून जी वाट पाडली, तीच १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने राजमार्गाला आणून सोडली, असे मला वाटते. वधूवरांपैकी एकाचे जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य असले, वराला २१ व वधूला १८ वर्षे पूर्ण झाली असली आणि नोटिशीवर ३० दिवसांच्या मुदतीत ग्राह्य हरकत आली नाही, म्हणजे धर्म वा जात आड येत नाही.

दप्तरांनी भरलेल्या त्या खोलीत पैठणीचा पदर सावरीत वधू उभी राहते, आणि अधिकारी व तीन साक्षीदार यांच्या समक्ष, स्वतःला समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, समोरच्या तरुणाचा कायदेशीर पती म्हणून स्वीकार केल्याचे स्वमुखाने सांगते. तोही तसेच सांगतो. वधूचा स्वर असा स्पष्टपणे ऐकू येणे, हेच मला या विधीचे खरे सौंदर्य वाटते. मग सह्या, निशिगंधाचे हार, आणि सायंकाळी मोजक्या आप्तांसमवेत मसालेभात-जिलबीचे निवांत भोजन.

जादा शुल्क भरल्यास कचेरीबाहेर, वाजवी अंतरावरील स्थळीही हा विवाह लावता येतो. मात्र नोटिशीपासून तीन महिन्यांत तो झाला नाही, तर नवी नोटीस द्यावी लागते. तारीख ठरवताना इच्छुकांनी एवढे ध्यानात ठेवावे.