मुरुडहून राष्ट्रपती पुरस्काराकडे

मुरुड म्हटले की बहुतेकांना समुद्र आणि जंजिरा आठवतो. हे मुरुड मात्र लातूर तालुक्यातले, लातूर–बार्शी रस्त्यावरचे बाजारगाव. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ती याच बाजूच्या लोहमार्गाने. त्याच लातूरची शिकवणी वर्गांची ख्याती राज्यभर आहे. आठवी-नववीतल्या मुलाला पाहुणे पहिला प्रश्न टक्क्यांचा विचारतात. अशा मुलखात, ज्यांना पहिला-दुसरा क्रमांकच नसतो अशा दोन पुरस्कारांबद्दल मला लिहायचे आहे.

त्यांतल्या पहिल्यामागचा विचार समजण्यासाठी जर्मनीत जावे लागते. कुर्ट हान हे तिथल्या सालेम गावच्या निवासी शाळेचे प्रमुख. नाझींना उघड विरोध केला म्हणून १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. सुटल्यावर ते ब्रिटनला गेले आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टन शाळा काढली. तरुणांचे शरीर सुस्त होते आहे, हातातले कसब आणि मनातली कणव आटत चालली आहे, हे त्यांचे निदान होते. त्यांचा विद्यार्थी राजपुत्र फिलिप याने १९५६ मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार सुरू केला. त्याची सूत्रे दिली जॉन हंट यांच्याकडे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते ते हेच. सेवा, कौशल्य, शारीरिक व्यायाम आणि साहसी प्रवास हे त्याचे चार भाग. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तीन पातळ्या. थेट सुवर्णासाठी नाव नोंदवले तर किमान दीड वर्ष घालावे लागते आणि चार दिवस, तीन रात्रींचा प्रवास करावा लागतो. भारतात हा उपक्रम १९६२ मध्ये आला. १४ ते २४ वयाच्या कुणालाही तो खुला आहे, आणि स्पर्धा आहे ती केवळ स्वतःशी.

खेड्यातल्या शाळेला मात्र याहून जवळची वाट आहे ती भारत स्काउट्स आणि गाइड्सची. बेडन-पॉवेल यांचे ब्राउन्सी बेटावरचे पहिले शिबिर ऑगस्ट १९०७ मधले. पुढे आपल्याकडे या चळवळीच्या निरनिराळ्या संघटना झाल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काउटांच्या संघटना एक झाल्या आणि पुढच्या वर्षी गाइड्सही त्यांत सामील झाल्या. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार असा हा चढ आहे. कोणतीही पायरी गाळता येत नाही आणि दोन पायऱ्यांमध्ये काही महिने जावेच लागतात. पाचवी-सहावीत गणवेश चढवलेले पोर टिकून राहिले तर दहावीच्या आसपास वर पोचते.

शिकायचे काय? गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, नकाशा, तंबू, चूल, बिनभांड्याचा स्वयंपाक, खरी कमाई. यातल्या गाठींपाशी मी थोडा थांबतो, कारण मुरुडच्या मुलाची इथे जन्मजात आघाडी आहे. बोलाइन नावाची गाठ अशी असते की कितीही ओढले तरी तिचा फास आवळत नाही. विहिरीत पडलेल्याला वर काढायला ती वापरतात. वासराच्या गळ्यातले दावे बांधताना शेतकरी हीच काळजी घेतो. गळा आवळला जाऊ नये आणि वासरू सुटूही नये. आजोबांचे हात जे करतात त्याची परीक्षा होते, त्याला दिल्लीपर्यंत मान आहे, हे पोराला कळले की घरच्या कामाकडे बघायची त्याची नजरच बदलते. खरी कमाईचेही तसेच. मुलांनी स्वतः राबून चार पैसे मिळवायचे आणि ते पथकाच्या कामी लावायचे. बापाच्या खिशातली नोट आणून दिली तर ती खरी कमाई नव्हे.

सेवेच्या भागाबद्दल बोलताना लातूरकराला किल्लारीचा भूकंप टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर आले आणि हजारो जीव गेले. त्यानंतर मदतीला माणसांची रीघ लागली. पण ढिगाऱ्यापाशी नुसती कळकळ पुरत नाही. मोडलेला हात रुमालाच्या झोळीत कसा धरायचा, दोन काठ्या आणि दोन सदरे यांची डोली कशी करायची, पाठीला मार लागलेल्याला का उचलू नये, हे आधीपासून हाताला ठाऊक असलेला माणूस तिथे लागतो. आणि पहिला आठवडा सरल्यावर टिकून राहणारा माणूस तर त्याहून जास्त लागतो. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी ‘आपलं घर’ उभे केले. ज्ञान प्रबोधिनीने हराळीला बस्तान बसवले ते कायमचे. सेवा अशी वर्षानुवर्षे चालते. पुरस्कारांच्या नियमांत महिन्यांची अट आहे ती मला म्हणूनच पटते.

कॉलेजात गेलेल्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर एवढी तिची मागणी.

मोहिमेला सह्याद्रीच हवा, असा एक समज आहे. मुरुडहून ढोकीमार्गे तेरला जाता येते. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वृत्तान्तात या बाजारपेठेचे नाव आहे. तेरणेच्या काठचे हे गाव संत गोरोबा कुंभारांचे. तिथले त्रिविक्रम मंदिर आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले संग्रहालय पाहायला एक दिवस अपुरा पडतो. तेवढी चाल, वाटेत एक मुक्काम, स्वतःचा शिधा आणि स्वतःची चूल, एवढ्यात कांस्य पातळीचा दोन दिवस, एक रात्रीचा प्रवास बसू शकतो. पलीकडे येडशीचे रामलिंग अभयारण्य आहे, दुसऱ्या बाजूला औशाचा किल्ला आहे, खरोशाची लेणी आहेत. शिवाय रान आमच्या मुलांना परके नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळे घर शेतात जाते, भज्जी, उंडे आणि आंबील तिथेच जेवते. त्या एका दिवसाच्या आनंदाला शिस्त आणि नकाशा जोडला की मोहीम होते.

दुखणे वेगळेच आहे. कित्येक ठिकाणी पथक १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीलाच दिसते. नोंदवही चाचणी शिबिराच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरली जाते. दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून पालक नाव घालतात आणि नववीत शिकवणीची वेळ आडवी आली की काढून घेतात. गुणांची सवलत वाईट नाही. ग्रामीण मुलाला तिचा आधार होतो. पण गुणांसाठी मिळवलेला हा पुरस्कार फुकट गेला असे मी मानतो, कारण त्याचे मोल त्या चार-पाच वर्षांत आहे आणि नेमकी तीच त्यातून गाळलेली असतात. मुलींच्या बाबतीत तर शिबिराला पाठवण्यापाशीच गाडी अडते. शाळेने गाइड कॅप्टनला सोबत देऊन, पालकांना शिबिराची जागा आधी दाखवून ही अडचण सोडवायला हवी.

म्हणून मुरुड परिसरातल्या मुख्याध्यापकांना आणि आई-वडिलांना माझे सांगणे आहे. दिवाळीची सुटी संपली की शाळेत पथक आहे का ते विचारा. नसेल तर स्काउट-गाइडच्या लातूर जिल्हा संस्थेकडे नोंदणी करा. असेल तर नोंदवही मागून वाचा. नववीच्या मुला-मुलींना आठवड्याचे दोन तास मोकळे ठेवा, आणि हिवाळ्यात, ज्वारी निसवायच्या सुमारास, त्यांना एका मुक्कामासाठी तेरला चालत जाऊ द्या.