मंडळ गावाचे, सही कुणाची?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या गावांचा कारभार ग्रामपंचायतीइतकाच गावकीवर आणि मुंबईकर मंडळावर चालतो. गिरण्यांच्या काळात इथली माणसे परळ-लालबागला गेली, तिथे एकेका गावाचे, वाडीचे मंडळ उभे राहिले. शिमग्याची पालखी, देवळाचा जीर्णोद्धार, मयताला मदत, क्रिकेटचे सामने हे सारे वर्गणीवर चालते. पावतीपुस्तक, शिक्का, अध्यक्ष, खजिनदार, सगळे असते. पुष्कळदा नसते ती नोंदणी. म्हणून असे मंडळ बेकायदा ठरत नाही. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) ने दिलेला आहे आणि तो वापरायला कुणाच्या दाखल्याची गरज नाही.

अडचण वेगळीच आहे. कायद्याच्या लेखी असे मंडळ ही व्यक्तीच नव्हे. कंपनी किंवा सहकारी संस्था स्वतःच्या नावे मालमत्ता धारण करते, दावा लावते. देवळातली मूर्तीसुद्धा भारतीय कायद्यात व्यक्ती मानली जाते. म्हणजे गावदेवाच्या नावे सातबारा असू शकतो, त्याची पालखी नाचवणाऱ्या मंडळाच्या नावे नाही.

याची झळ पहिल्यांदा बसते ती सही करणाऱ्याला. मंडपवाल्याला काम सांगितले आणि पैसे थकले, तर तो दावा कुणावर लावणार? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३० नुसार ज्याच्या वतीने करार झाला त्याच्यावर दावाच लावता येत नसेल, तर करार करणारा स्वतः बांधला गेला असे गृहीत धरतात. त्यामुळे बिल येते ते अध्यक्ष-खजिनदारांच्या दारात. साध्या सभासदाची जबाबदारी मात्र एरवी वर्गणीपुरतीच राहते. नफा वाटून घेण्याचा हेतू नसल्याने मंडळाला भागीदारीही म्हणता येत नाही.

जमिनीचे प्रकरण जास्त चिघळते. सभागृहासाठी गुंठा-दोन गुंठे घ्यायचे म्हणून गावातल्या चार वडीलधाऱ्यांच्या नावे खरेदीखत होते. ते असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. त्यांच्या पश्चात वारसनोंद होते आणि जागा मंडळाच्या पैशाची होती हे पुराव्याने सिद्ध करण्याची पाळी गावावर येते. जुने इतिवृत्त आणि पावत्या सापडल्या तर ठीक.

नोंदणी नसलेल्या समूहाला न्यायालयाचे दार मात्र बंद नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश १, नियम ८ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने काही जण सर्वांच्या वतीने दावा लावू शकतात, तसाच तो त्यांच्यावर लावताही येतो. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण महाडचेच आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला महाडच्या काही सवर्णांनी आपल्या समाजाच्या वतीने दावा लावला. प्रतिवादी होते डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी, अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून. दोन्ही बाजूंना एकही नोंदलेली संस्था नव्हती. तरी तो दावा महाड, ठाणे असा चढत मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी वादींचे अपील फेटाळले गेले; अस्पृश्यांना तळ्यावर बंदी असल्याची, अनादी काळापासूनची म्हणून सांगितलेली रूढी सिद्ध झाली नाही.

मंडळाला व्यक्ती मानायचे नाही, पण हिशेब आणि शिक्षा यांच्या वेळी मात्र ओळखायचे, असे कायद्याचे दुहेरी धोरण आहे. प्राप्तिकर कायदा अशा समूहाला ‘व्यक्तींचा संघ’ म्हणून करपात्र धरतो; त्याच्या पॅनमधले चौथे अक्षर ‘ए’ असते. समितीचा ठराव आणि ओळखपत्रे घेऊन बँक खातेही उघडते. बचत गट तर नोंदणीविनाच कर्ज घेतात. ‘नाबार्ड’ने १९९२ मध्ये त्यांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. त्यांची सभासदसंख्या वीसपर्यंत ठेवण्याचे कारणही कायदेशीरच: नफ्यासाठी व्यवसाय करणारा वीसहून मोठा गट नोंदणीविना चालवण्यास तेव्हाच्या कंपनी कायद्याची मनाई होती.

गावकीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले, तर ‘आमची नोंदणीच नाही’ ही सबब चालत नाही. अशा तक्रारी रायगडमध्ये वारंवार आल्या आहेत. २०१७ पासून लागू असलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जातपंचायतीची व्याख्या करताना नोंदणी असो वा नसो, असे स्पष्ट म्हणतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

सार्वजनिक देवळाच्या बाबतीत तर नोंदणी ऐच्छिकही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० नुसार विश्वस्तांनी ती करायचीच असते. नाहीतर न्यासाच्या हक्कासाठीचा दावा न्यायालय ऐकत नाही. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या, नोंदणी नसलेल्या मंडळाला याच कायद्याच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी घ्यावी लागते.

उत्सवापुरत्या मंडळाला तेवढी परवानगी पुरे. जागा घ्यायची किंवा इमारत बांधायची असेल, तर मात्र खरेदीखताआधी नोंदणी उरकावी. संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली त्यासाठी किमान सात सभासद, उद्देशपत्र आणि नियमावली लागते. मंडळाचा पत्ता गावचा असेल तर अर्ज अलिबागच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात जातो, मुंबईचा असेल तर वरळीला.