पाचगणीचा पियानो, सांगलीची आशा, मिरजेची सतार : साठच्या दशकातलं रॉक आपल्या भागात असं पोहोचलं

साठच्या दशकातलं रॉक म्हटलं की डोळ्यासमोर लंडन येतं, लिव्हरपूल येतं, लांब केस आणि गिटार येते. सातारा आणि सांगली काही येत नाही. आपल्याकडं त्या काळात तमाशाचे फड, भजनी मंडळं, नाट्यसंगीत आणि रेडिओवरचं गीतरामायण. रॉक अँड रोलचा इथं काय संबंध, असंच कुणालाही वाटेल.

पण संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. रॉकच्या इतिहासातला सगळ्यात भारी आवाज समजला जातो तो गडी वयाच्या आठव्या वर्षापासून सातारा जिल्ह्यात वाढला. हिंदी पिक्चरमधून रॉक घरोघरी नेणारा आवाज सांगलीत जन्मला. आणि ज्या वाद्याच्या मागं त्या दशकात अख्खं रॉक लागलं होतं, ते वाद्य बनवणारं गाव सांगली जिल्ह्यातच आहे.

एक एक करून बघू.

घाटाच्या वर एक पोरगं, घाटाच्या खाली एक शाहीर

५ सप्टेंबर १९४६ ला आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात मुलगा झाला. नाव फारुख बलसारा. मूळ घराणं गुजरातमधल्या बलसाडचं, त्यावरूनच आडनाव पडलेलं. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. पोराला चांगलं इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी त्याला थेट भारतात पाठवायचं ठरवलं.

शाळा निवडली पाचगणीची सेंट पीटर्स. पाचगणी इंग्रजांनी वसवलेलं. थंड हवा, टेबललँड, सॅनेटोरियम आणि बोर्डिंग शाळा ही त्याची ओळख. १९५५ साली आठ वर्षांचं हे पोरगं आधी बोटीनं मुंबईला आणि तिथून पुढं पाचगणीला आलं.

आता त्या रस्त्याचा विचार करा. वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो. घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळेंचं जन्मगाव. पुढं ज्यांनी 'जय जय महाराष्ट्र माझा' गायलं आणि २०२३ साली जे राज्यगीत झालं, ते हेच शाहीर. म्हणजे घाटाच्या खाली डफ-तुणतुण्याची शाहिरी आणि घाटाच्या वर पियानो. मध्ये अंतर काही किलोमीटरचं.

पण ते अंतर फक्त रस्त्याचं नव्हतं. वरच्या शाळांमध्ये इंग्रजी बोलणारी, लांबून आलेली, फी परवडणाऱ्या घरातली पोरं शिकत होती. रॉक अँड रोल सातारा जिल्ह्यात वाजलं ते अशा शाळांच्या आवारात. खालच्या गावातल्या पोराला ते ऐकायला मिळायचं काही कारणच नव्हतं.

द हेक्टिक्स : पाचगणीतला बँड

फारुख शाळेत लाजरा होता. समोरचे दात पुढं असल्यानं पोरं त्याला 'बकी' म्हणून चिडवायची. पण टेबल टेनिसमध्ये तो पटाईत होता आणि पियानोसमोर बसला की वेगळाच माणूस व्हायचा. शाळेच्या लक्षात आलं की या पोराला संगीताची जाण आहे. आईवडिलांच्या संमतीनं त्याची पियानोची शिकवणी सुरू झाली आणि चौथ्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा तो पास झाला. त्याचे वर्गमित्र पुढं सांगायचे, की रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा.

शाळेतच त्याचा 'फ्रेडी' झाला. आणि १९५८ च्या सुमारास, बारा वर्षांचा असताना, पाच दोस्तांनी मिळून बँड काढला. नाव ठेवलं 'द हेक्टिक्स'. ब्रूस मरे गायचा, डेरिक ब्रांच गिटारवर, फारंग इराणी बेसवर, व्हिक्टरी राणा ड्रम्सवर आणि फ्रेडी पियानोवर. गंमत बघा, जगातल्या सर्वोत्तम रॉक गायकांमध्ये ज्याचं नाव घेतात तो आपल्या पहिल्या बँडमध्ये मुख्य गायक नव्हता.

बँड वाजवायचा शाळेच्या कार्यक्रमांत. गाणी असायची एल्विस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो आणि क्लिफ रिचर्डची. यातला क्लिफ रिचर्ड म्हणजे इंग्लंडचा सुपरस्टार, पण जन्म १९४० चा, लखनौचा. म्हणजे लखनौत जन्मलेल्या माणसाची गाणी लंडनमार्गे फिरून पाचगणीत येत होती.

त्या पाच पोरांचं पुढं काय झालं? डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर गेला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा कमांडर झाला. आणि फ्रेडी?

फ्रेडी अभ्यासात घसरला. १९६३ च्या सुरुवातीला शाळा सोडून तो झांझिबारला परत गेला. वर्षभरात, जानेवारी १९६४ मध्ये, तिथं क्रांती झाली. रक्तपात झाला. बलसारा कुटुंब असेल ते घेऊन इंग्लंडला पळालं. फ्रेडी तिथं ग्राफिक डिझाईन शिकला. १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत त्यानं 'क्वीन' बँड सुरू केला आणि त्याच सुमारास आडनाव बदलून तो फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७५ ला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर लाईव्ह एडच्या कार्यक्रमात त्यानं सुमारे ७२ हजार लोकांना वीस-एक मिनिटं हातांच्या इशाऱ्यावर नाचवलं.

पण हा माणूस मुलाखतीत पाचगणीबद्दल फारसं बोललाच नाही. तो असेपर्यंत क्वीनचा भारतात एकही शो झाला नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये 'बलसारा' नावाच्या पोराला रॉकस्टार म्हणून कुणी घेतलं असतं का, हा प्रश्न स्वतःला विचारला की त्याची शांतता समजते. नाव त्यानं बदललं, पण २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला तेव्हा त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनेनं झाले.

मग गावातल्या पोरांनी काय ऐकलं?

आता घाटाच्या खाली येऊ. तेव्हा आजचा सांगली जिल्हा 'दक्षिण सातारा' या नावानं ओळखला जायचा. १९४९ साली जुन्या साताऱ्यातून तो वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

या भागात घराघरांत वाजणारी गोष्ट होती गीतरामायण. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. लिहिणारे ग. दि. माडगूळकर, त्यांचा जन्म शेटफळ्याचा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातला. गायला-संगीताला सुधीर फडके. फ्रेडी पाचगणीत आला आणि गीतरामायण सुरू झालं, दोन्ही एकाच वर्षी.

मग पाश्चात्त्य चाली आल्या कुठून? तर सिलोनवरून.

झालं असं, की १९५२ साली बा. वि. केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले. माणूस पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. सिनेसंगीतानं लोकांची आवड बिघडते असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास गायब झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सरकवली आणि रेडिओ सिलोन लावलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला तिथला शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर इतका ताकदीचा होता की कोलंबोचा आवाज सगळ्या भारतात पोहोचायचा. तिथंच १९५२ मध्ये अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. आणि त्याच स्टेशनवर इंग्रजी गाण्यांचे कार्यक्रमही लागायचे.

शेवटी सरकारलाही नमतं घ्यावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली.

सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आला तसा खेळ बदलला. वीज नसलेल्या वस्तीवरही गाणं पोहोचलं. रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागायचं, त्यामुळं तो सगळ्यांकडं नव्हता. पण एकाकडं असला तरी आळी ऐकायची. शाळेच्या फीपेक्षा हा दरवाजा फार मोठा होता.

सांगलीची आशा आणि हिंदी पिक्चरमधलं रॉक

इंग्रजी न येणाऱ्या पोरापर्यंत रॉक पोहोचवलं ते हिंदी पिक्चरनं. आणि त्यातलं मोठं नाव आहे आशा भोसले. ८ सप्टेंबर १९३३ चा जन्म, सांगलीचा. वडील मास्टर दीनानाथ, त्यांची बलवंत संगीत मंडळी, घरात नाट्यसंगीत. अशा घरातल्या मुलीनं १९५७ च्या 'आशा' पिक्चरमध्ये सी. रामचंद्र यांचं 'ईना मीना डीका' गायलं. ते सरळसरळ रॉक अँड रोलच्या ठेक्यावर बांधलेलं. सी. रामचंद्रही मराठीच, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे.

१९६५ च्या 'जानवर' पिक्चरमध्ये बीटल्सच्या 'आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड' या गाण्याची चाल जशीच्या तशी उचलली होती. पडद्यावर बीटल्ससारखे केसांचे टोप घातलेले चौघं आणि शम्मी कपूर. गायले रफी आणि आशा. म्हणजे बीटल्सचं नाव कधी न ऐकलेल्या लोकांनी बीटल्सची चाल थेटरात ऐकली आणि शिट्ट्या मारल्या.

१९६६ ला 'तीसरी मंझिल' आला. शम्मी कपूर ड्रमर, संगीत आर. डी. बर्मन यांचं. त्यातल्या वेगवान गाण्याची चाल ऐकून आशाताई आधी बिचकल्या होत्या आणि दहा दिवस सराव करून त्यांनी ते रेकॉर्ड केलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे.

याची परतफेड पण झाली. १९९७ मध्ये कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडनं 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणं काढलं. आशाताईंना आणि जुन्या ४५ आरपीएमच्या तबकड्यांना केलेला तो सलाम. १९९८ साली त्याचं रिमिक्स इंग्लंडमध्ये एक नंबरला गेलं.

आणि मिरजेची सतार

आता उलटा प्रवास. डिसेंबर १९६५ मध्ये आलेल्या बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वूड' गाण्यात जॉर्ज हॅरिसननं सतार वाजवली. पुढच्याच वर्षी रोलिंग स्टोन्सनं 'पेंट इट ब्लॅक'मध्ये सतार घेतली. सप्टेंबर १९६६ ला हॅरिसन पंडित रविशंकरांकडं शिकायला मुंबईत आला. १९६७ ला रविशंकर मॉन्टेरीच्या पॉप फेस्टिव्हलमध्ये वाजले आणि १९६९ ला वूडस्टॉकमध्ये. सतार म्हणजे फॅशन झाली.

हॅरिसननं भारतात विकत घेतलेली सतार दिल्लीच्या रिखीराम यांच्याकडची होती, मिरजेची नव्हे. पण सतार आणि तंबोरा बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या ठिकाणांत मिरज पहिल्या रांगेत आहे. १९व्या शतकात पटवर्धनांच्या संस्थानात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी वाद्यं दुरुस्त करायला सुरुवात केली. त्यात फरीदसाहेबांचं नाव आजही आदरानं घेतात. भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातला, दांडीला लाकूड आणि काम सगळं हातानं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

रॉकनं सतारीचा नाद काही वर्षांत सोडला. मिरजेच्या कारागिरांनी सोडला नाही. फरक इतकाच.

ही गाणी आजोबांना इतकी पाठ कशी?

याला कारण आहे. मानसशास्त्र सांगतं की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या डोक्यात सगळ्यात पक्क्या बसतात. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिलं घर सोडणं याच काळात होतं आणि त्याच्या मागं जे गाणं वाजत असतं ते त्याला चिकटून राहतं. म्हणून पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस सकाळी काय खाल्लं ते विसरतो, पण 'तीसरी मंझिल'मधला ठेका टेबलावर बोटांनी बरोबर वाजवतो.

१९६५ ला पंधरा वर्षांचा असलेला पोरगा आज पंच्याहत्तरीच्या पुढं आहे. फ्रेडीवर पिक्चर निघाला, पुस्तकं निघाली. पण कराडच्या, वाईच्या, तासगावच्या, मिरजेच्या त्या पोरापोरींनी ट्रान्झिस्टर कुणाच्या ओट्यावर ऐकला, कुठल्या थेटरात पिक्चर बघितला, पहिली तबकडी कुणी आणली, हे कुठंच लिहिलेलं नाही. ते फक्त त्यांच्या डोक्यात आहे.

तर एक काम करा. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा, तुमच्या कॉलेजच्या वेळी कुठलं गाणं गाजत होतं? आणि ते सांगायला लागले की मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा.