गोदामाभोवतीचे गवत : पेट्रोलचे यंत्र की बॅटरीचे?

व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत गवतावर लेख यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. बाजार समितीची फी, वस्तू व सेवा कर, साठ्यावरील मर्यादा असे भारदस्त विषय हाताशी असताना हा गृहस्थ गवत घेऊन का बसला, असे कोणी म्हटल्यास ते अगदीच गैर ठरणार नाही. तथापि ज्याचे गोदाम आपल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत उभे आहे, त्यास हा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाही. मृगाचा पाऊस पडून महिना होतो न होतो तोच हरळी, लव्हाळा आणि कुंदा भिंतीच्या पायाला भिडतात. श्रावणात तरोटा कमरेएवढा होतो. त्या आडोशाने उंदीर व घुशी गोदामापर्यंत येतात, आणि त्यांच्या मागोमाग नाग, घोणस व मण्यार. उंदीर खातो त्याहून अधिक माल तो नासवतो, हे धान्याच्या धंद्यात केस पिकवलेल्या माणसास निराळे सांगावयास नको. उघड्या, स्वच्छ जागेवरून जाण्यास उंदीर कचरतो. म्हणून भिंतीलगतचा चार-सहा फुटांचा पट्टा सदैव मोकळा ठेवणे, हा साठवणुकीचा पहिला धडा होय.

पूर्वी हे काम विळा आणि खुरपे घेऊन आलेल्या बायाबापड्या करीत, व ते यंत्राहून चांगले होई, कारण खुरपे मुळासकट काढते. परंतु ज्या पंधरवड्यात आपणांस आवार साफ करावयाचे असते, नेमक्या त्याच पंधरवड्यात कापसाची व सोयाबीनची निंदणी असते. शेत सोडून आपल्या आवारात कोण येणार? आणि त्यांनी यावे तरी का? सोयाबीनची आवक दसऱ्याच्या सुमारास सुरू होते, तोवर आवार स्वच्छ हवे. या ओढाताणीतूनच गुडीहत्नूरसारख्या महामार्गावरील गावात गेल्या काही वर्षांत खांद्यावर पट्टा अडकवून चालवावयाची गवत कापण्याची यंत्रे दिसू लागली. लोक त्यास सरसकट ‘ग्रास कटर’ म्हणतात.

या यंत्राची जन्मकथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी जॉर्ज बॅलस नावाचे गृहस्थ नृत्यशाळा चालवीत. मोटार धुण्याच्या केंद्रात फिरणारे ब्रश पाहून त्यांना कल्पना सुचली, आणि १९७१ साली त्यांनी पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्यास भोके पाडून त्यांतून मासे पकडण्याच्या गळाची दोरी ओवली व तो डबा यंत्रावर गरगर फिरविला. वेगाने फिरणारी लवचीक दोरी गवत कापते, पण झाडाच्या बुंध्यास वा भिंतीस लागली तर स्वतःच झिजते, हे त्यातील मर्म. आजही नायलॉनची ती दोरी हेच या यंत्राचे पाते आहे. ती फिरविण्यास इंजिन असावे की विजेची मोटर, एवढाच काय तो वाद.

प्रथम पेट्रोलच्या यंत्राविषयी. यात दोन जाती आहेत. टू-स्ट्रोक यंत्र स्वस्त व जोरकस. मात्र त्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते, व ते प्रमाण उत्पादकाप्रमाणे लिटरला २० ते ४० मिलिलिटर असे बदलते. तेल कमी पडले तर सिलिंडर धरतो, जास्त पडले तर धूर आणि प्लगवर काजळी. शिवाय या जातीत न जळलेल्या इंधनाचा बराच मोठा भाग धुराबरोबर बाहेर निघून जातो, हा तिच्या रचनेतीलच दोष आहे. फोर-स्ट्रोक यंत्रात तेल वेगळे असते; ते महाग, किंचित जड, पण इंधन कमी खाणारे व चालविणाऱ्याच्या नाकास सुसह्य. पेट्रोलचेच घ्यावयाचे ठरले तर फोर-स्ट्रोक घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेट्रोलचे सामर्थ्य कशात आहे, ते आकड्यांत पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातील जेमतेम पाचवा हिस्सा कामी लावते असे धरले तरी दीड-पावणेदोन युनिट हाती लागतात. याउलट ३६ व्होल्ट व ४ अँपिअर-तास अशी चांगल्यापैकी बॅटरी घेतली, तर ३६ गुणिले ४ म्हणजे १४४ वॅट-तास, युनिटचा सातवा हिस्सा. म्हणजे एक लिटर पेट्रोलचे काम करावयास अशा दहा-बारा बॅटऱ्या लागतील. मोटर ४०० वॅट ओढीत असेल तर ती बॅटरी वीस-बावीस मिनिटांत संपते. तेवढ्या वेळात गुडघ्याखालचे कोवळे गवत असेल तर दोन-अडीच गुंठे होतात. भाद्रपदातला ओला, आडवा झालेला कुंदा असेल तर एक गुंठाही कठीण.

हे वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला, पेट्रोलचेच घ्यावे. येथेच व्यापाऱ्याने थांबून हिशेब करावयास हवा.

पहिला हिशेब खर्चाचा. १४४ वॅट-तासांची बॅटरी भरण्यास दोन रुपयांचीही वीज लागत नाही. पेट्रोलचे लहान यंत्र तासाला अर्धा ते एक लिटर पिते, आणि लिटरचा भाव शंभराच्या पुढे आहे. मात्र बॅटरी ही स्वतःच झिजणारी वस्तू आहे. काहीशे वेळा भरल्यावर तिची धारणाशक्ती घटते, आणि नवी बॅटरी पुष्कळदा यंत्राच्या निम्म्या किमतीची असते. तो बोजा वर्षावर्षांत वाटून धरला पाहिजे. बाजारात हल्ली ‘४८ व्होल्ट’, ‘८८ व्होल्ट’ असे मोठे आकडे छापलेली स्वस्त यंत्रे मिळतात. त्यांतील पुष्कळांच्या पोटात पाच लहान सेल म्हणजे अठरा-वीस व्होल्टच असतात. छापील आकड्यास भुलू नये. बॅटरीवर वॅट-तास लिहिले आहेत का, ते पाहावे. पोत्यावरचा शिक्का न पाहता आपण पोते काट्यावर चढवितो, तसेच हे.

दुसरा हिशेब दुरुस्तीचा, आणि तो आपल्यासारख्या गावी निर्णायक ठरतो. पेट्रोलचे यंत्र बिघडले तर दुचाकी दुरुस्त करणारा कोणताही मिस्त्री कार्बोरेटर उघडून, प्लग पुसून ते चालू करू शकतो. बॅटरीच्या यंत्रातील विद्युत-मंडल बिघडले तर आदिलाबादेत नाही तर थेट हैदराबाद किंवा नागपूर. म्हणून बॅटरीचे यंत्र घेताना ज्याचे दुरुस्ती केंद्र आवाक्यात आहे व ज्याच्या सुट्या बॅटऱ्या पुढेही मिळतील, अशाच नावाजलेल्या कंपनीचे घ्यावे. दूरध्वनीवर मागवून घरी आलेली अनोळखी पेटी स्वस्त पडत नाही. उलट, बॅटरीच्या यंत्रास बिघडण्यासारखे भाग मुळात थोडे असतात, हेही तितकेच खरे. पेट्रोलचे यंत्र कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत कोपऱ्यात पडून राहते आणि नेमके पहिल्या पावसात सुरू होत नाही. त्यास कारण आहे. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते. टाकीत महिनोन्महिने राहिलेले असे पेट्रोल खाली पाणचट होऊन बसते व कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजतात.

तिसरा हिशेब आगीचा. ज्या गोदामात हजारो पोती बारदाना आहे, तेथे कोपऱ्यात पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवलेले मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे झेपावतो. ती वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. पेट्रोल ठेवावयाचेच तर धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, गोदामाबाहेर, सावलीत. यंत्र गरम असताना टाकी भरू नये. बॅटरीस यातून सूट आहे असे मात्र कोणी समजू नये. लिथियम बॅटरी पडून आत दुखावली, अथवा दुसऱ्याच कंपनीच्या चार्जरवर रात्रभर लावून ठेवली, तर तीही पेटते, आणि ती आग विझविणे सोपे नसते. तिला बारदान्यावर ठेवून भरू नये, फरशीवर, डोळ्यांसमोर भरावी.

धान्य व्यापाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट, जी यंत्र विकणारा सांगणार नाही. आपण गोदामात अल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी देतो. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू तांबे खातो. चार्जर, बॅटरी व मोटर यांत तांब्याखेरीज दुसरे आहे काय? धुरी दिलेल्या गोदामात बॅटरीचे यंत्र ठेवाल, तर ते एका हंगामात मुके होईल. त्याची जागा कचेरीत.

चौथा हिशेब यंत्र चालविणाऱ्याचा, आणि माझ्या मते तो सर्वांत आधी मांडावयास हवा होता. आपण यंत्र विकत घेतो, पण ते खांद्यावर घेतो आपला गडी. पेट्रोलच्या यंत्राचे वजन सात-आठ किलो. कानाशी आवाज शंभर डेसिबलच्या घरात. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या मानाप्रमाणे शंभर डेसिबलचा आवाज दिवसात पंधरा मिनिटांहून अधिक काळ उघड्या कानाने ऐकू नये; आपला गडी तो चार-चार तास ऐकतो आणि संध्याकाळी त्याला हाक मारावी तर ‘काय?’ म्हणून विचारतो. तासन्‌तासच्या थरथरीने बोटांना मुंग्या येतात. बॅटरीचे यंत्र तीन ते पाच किलोंचे, आवाजही बराच कमी. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली कायदा करून २०२४ सालापासूनच्या अशा नव्या लहान इंजिनांना धुराची बंदी घातली, ती हवेसाठी. पण त्या हवेत सर्वांत जवळ उभा असतो तो चालविणाराच.

दगड उडण्याचे भय दोन्ही यंत्रांत सारखे. दोरीच्या टोकाला लागलेला खडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. त्याची भरपाई कोणत्या वहीत लिहावयाची? गॉगल, जाड बूट, नडगीपर्यंतचे संरक्षण आणि यंत्रावरील गार्ड, यांवाचून काम सुरू करू देऊ नये. पंधरा मीटरच्या आत कोणी उभे नसावे. माहितीपुस्तिका इंग्रजीत असते आणि आपला गडी मराठी, तेलुगू किंवा गोंडी बोलतो. तेव्हा ती वाचून त्याला समजावून सांगणे हे मालकाचे काम.

गाजर गवताविषयी वेगळे सांगितले पाहिजे. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे परदेशी तण आज आपल्या प्रत्येक आवारात आहे. दोरीच्या यंत्राने त्याचे तुकडे अंगावर उडतात व पुष्कळांना त्याने खाज, पुरळ व दमा जडतो. शिवाय कापले की ते बुडातून पुन्हा फुटते. फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. त्यासाठी कोणतेही यंत्र उपयोगी नाही.

जीवदयेचा मुद्दाही येथे अप्रस्तुत नाही. वर्षातून एकदाच वाढलेल्या रानात यंत्र घातले, तर बेडूक, सरडे, पाखरांची अंडी, सर्व त्या दोरीखाली येतात. गवत वीतभर असतानाच दर दहा-पंधरा दिवसांनी कापीत गेले, तर तेथे कोणी वस्तीस येतच नाही. पर्युषण भाद्रपदाच्या आसपास येते, गवत ऐन भरात असताना, आणि त्या दिवसांत हिरव्यास हात लावू नये असा पुष्कळ घरांचा नेम असतो. तेव्हा आधीची कापणी आषाढ-श्रावणातच उरकलेली बरी.

यावरून माझे मत वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. घराचे अंगण, दुकानामागची जागा किंवा दहा गुंठ्यांपर्यंतचे गोदामाचे आवार असेल, तर बॅटरीचे यंत्र, दोन बॅटऱ्यांसह, आणि वारंवार वापर. एकरभर जागा, जिनिंगचे आवार, बोटाएवढे तरोट्याचे व एरंडाचे खुंट असतील तर दोरी चालणार नाही, धातूचे पाते लागते, व तेथे पेट्रोलच्या फोर-स्ट्रोकला पर्याय नाही. मात्र वर्षातून दोनदा लागणाऱ्या यंत्रासाठी भांडवल अडकविण्यापेक्षा ते माणसासह भाड्याने आणावे, किंवा चार-पाच पेढ्यांनी मिळून एक घ्यावे. आणि फाल्गुनात वाळलेले गवत काढावयाचे असेल तेव्हा मोठ्या आवारातही बारदान्याजवळ पेट्रोलचे यंत्र व धातूचे पाते नेऊ नये. तापलेली नळी आणि दगडावरची ठिणगी, दोन्ही तेथे नकोत. ते काम बॅटरी व दोरीचे. कापलेले गवत तेथेच जाळण्याचा मोह टाळावा, ते खड्ड्यात घालावे.

दिवाळीनंतर यंत्र ठेवताना पेट्रोलची टाकी रिकामी करून, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. बॅटरी पूर्ण भरून वा पूर्ण रिकामी ठेवू नये. निम्मी भरलेली, यंत्रातून काढून, थंड कोरड्या जागी ठेवावी व दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी. पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर तापलेली बॅटरी पावसाळ्यात निम्मेही काम देत नाही.