नाचण पक्षी ओळखू या!

आपल्या नांदुऱ्याची ज्ञानगंगा नदी वरच्या अंगाला ज्या अभयारण्यातून येते, त्या रानात नाचण हा चिमुकला पक्षी राहतो. गावालगतच्या झाडीतही तो आपल्याला दिसतो. अंग काळपट, पोट पांढरे. कपाळावर जुळलेल्या रुंद, पांढऱ्या भुवया ही त्याची खूण. दयाळही काळा-पांढरा; पण तो असा शेपटीचा पंखा पसरून थिरकत नाही.

हा नाच पोटासाठीच! हालचालीने दचकून उडालेले किडे नाचण हवेतच टिपतो. कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेल्या वाटीसारख्या घरट्यात नर-मादी दोघेही अंडी उबवतात, पिलांना किडे भरवतात. म्हणून बांधावरच्या झाडांवर विषारी फवारा नको आणि मुलांच्या हाती गुलेल नको. किडे वेचणारा हा सोबती आपण जपू या.