परक्यांच्या वहीतले आकडे

मेक्सिकोच्या बैठकीबद्दल आज लिहायचं होतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. कारण कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र. गेल्या खेपेला हावानाच्या बैठकीबद्दल लिहिताना मी अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ प्रेबिश यांच्या तिथल्या अहवालातल्या एका तक्त्याचा उल्लेख करून पुढे गेलो होतो. हे वाचक मला पुढे जाऊ द्यायला तयार नाहीत. ते विचारतात, ‘सत्तर वर्षांच्या भावांचा तक्ता या माणसाने आणला कुठून? लॅटिन अमेरिकेतल्या वीस देशांपाशी अशा नोंदी होत्या का? आणि नसतील, तर मग तो तक्ता कोणाचा?’

या शेवटच्या प्रश्नावर मी आयुष्यातला बराच काळ घालवला आहे, त्यामुळे आजचा सगळा भाग त्याच्या नावे. माझ्या मते सेपाल, म्हणजे या बैठका भरवणारा संयुक्त राष्ट्रांचा लॅटिन अमेरिकेसाठीचा आर्थिक आयोग, पुढे जो काही झाला त्याची किल्ली त्या तक्त्यात आहे. तक्त्यात काय लिहिलंय त्यापेक्षाही तो कुठून आला, यात.

आधी तक्ता. १८७६ ते १८८० या पाच वर्षांना शंभर धरलं आहे. शेतमाल, खनिजं, लोकर, कातडी अशा कच्च्या मालाच्या बदल्यात कारखान्यातला पक्का माल किती मिळतो, हे त्या शंभराशी ताडून पाहिलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी, १९११-१३ मध्ये, हा आकडा ८५.८ वर उतरलेला दिसतो. महामंदीच्या १९३१-३५ मध्ये तो ६२ होतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६-४७ मध्ये ६८.७. आकडा नुसता वाचला तर डोळ्यांवरून निसटून जातो, म्हणून पोत्यांत सांगतो : आजोबा शंभर पोती गहू देऊन जेवढं लोखंडी सामान घरी आणत, तेवढ्यासाठी नातवाला साधारण एकशे पंचेचाळीस पोती मोजावी लागतात. जमीन तीच, घाम तोच, वरची पंचेचाळीस पोती मात्र समुद्रापार गेली.

त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत याच्या नेमकं उलटं लिहिलेलं होतं. यंत्रामुळे कारखान्यातलं उत्पादन झपाट्याने वाढतं, शेतीतलं त्या मानाने सावकाश. म्हणजे कारखान्यातला माल दिवसेंदिवस स्वस्त व्हायला हवा आणि ते सुख शेतमाल विकणाऱ्या देशांना घरबसल्या मिळायला हवं. त्यांनी आपल्या गव्हावर, कॉफीवर, तांब्यावर समाधान मानावं, कारखान्यांच्या भानगडीत पडू नये. हावानाच्या त्या अहवालात या गृहीतकालाच हात घातला होता.

तर हे आकडे आले कुठून? न्यूयॉर्कजवळच्या लेक सक्सेसहून. संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय तेव्हा तिथे होतं आणि तिथल्या अर्थविभागात हान्स सिंगर नावाचे, जर्मनीत जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये केन्स यांच्या हाताखाली शिकलेले अर्थतज्ज्ञ काम करत. मागास देशांच्या आयात-निर्यातीच्या भावांवर त्या विभागाने १९४९ साली अभ्यास केला, त्यातले आकडे सांतियागोत, सेपालच्या कार्यालयात, प्रेबिश यांच्या टेबलावर पोचले. आणि लेक सक्सेसला ते मिळाले ब्रिटनच्या व्यापाराच्या नोंदींतून. ब्रिटन कच्चा माल आणणारा आणि पक्का माल पाठवणारा देश. म्हणून ब्रिटनच्या आयातीचे भाव म्हणजे कच्च्या मालाचे भाव आणि त्याच्या निर्यातीचे भाव म्हणजे पक्क्या मालाचे भाव, असं धरून सारा हिशेब केला गेला. लॅटिन अमेरिकेची सत्तर वर्षांची कहाणी सांगणाऱ्या तक्त्यात एकही आकडा लॅटिन अमेरिकेच्या बंदरात लिहिला गेलेला नव्हता. एकमेकांशी ताडून पाहता येईल अशी सत्तर वर्षांची सलग नोंद त्या वीस देशांपाशी नव्हतीच.

इथे दादाभाईंची आठवण येते. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी हिंदुस्थानचं दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपयांच्या आसपास काढलं, ते इंग्रज सरकारच्याच प्रांतवार अहवालांमधून. मग त्याच सरकारच्या तुरुंगांचे अहवाल उघडून, एका कैद्याच्या खाण्याकपड्यावर याहून जास्त खर्च होतो हे दाखवून दिलं. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच वहीतून पुरावा काढायचा, ही रीत त्यांनी सांतियागोच्या सत्तर वर्षं आधी वापरली होती. स्वतःची वही नसलेल्याला दुसरी वाट नसते.

पण प्रेबिश यांना स्वतःच्या वहीची सवय होती, आणि हे त्यांच्याबद्दल फार कमी सांगितलं जातं. १९२८ साली अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय बँकेत त्यांनी आर्थिक संशोधनाचा विभाग उभा केला. बँकेत असं काही असावं ही कल्पनाच तिथे नवी होती. तिथून एक नियतकालिक निघे, त्यात निर्यातीचे, पिकांचे, भावांचे आकडे येत. त्या वेळचे प्रेबिश मुक्त व्यापाराचे पक्के पुरस्कर्ते होते. मंदी आली, गव्हाचे आणि मांसाचे भाव कोसळले आणि विभागाच्या आकड्यांनी त्यांना वेगळंच काही दाखवायला सुरुवात केली. १९३४ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की मंदीपूर्वी जेवढा आयात माल मिळायचा तेवढाच मिळवायला आता अर्जेंटिनाला ७३ टक्के जास्त माल विकावा लागतो आहे. म्हणजे हावानाचा मुद्दा पंधरा वर्षं आधी एका देशापुरता त्यांच्या हाती आला होता, आणि तो स्वतःच्या विभागातून आला होता.

हे लिहिण्याच्या आदल्या वर्षी प्रेबिश लंडनला जाऊन आले होते. ब्रिटनने १९३२ मध्ये ओटावा इथे साम्राज्यातल्या देशांना व्यापारात झुकतं माप द्यायचं ठरवलं आणि अर्जेंटिनाच्या तोंडचं पाणी पळालं, कारण तिथलं गोमांस मुख्यतः ब्रिटनच्या बाजारावर जगत होतं. उपाध्यक्ष रोका यांचं शिष्टमंडळ वाटाघाटींसाठी लंडनला गेलं, त्यात सल्लागार म्हणून जेमतेम बत्तीस वर्षांचे प्रेबिश होते. १९३३ च्या मे महिन्यात रोका-रन्सिमन करार झाला. मांसाची खरेदी १९३२ च्या पातळीखाली सहसा आणायची नाही, एवढं ब्रिटनने कबूल केलं. बदल्यात अर्जेंटिनाने ब्रिटिश मालावरची जकात उतरवली, ब्रिटिश भांडवलाला चांगल्या वागणुकीची हमी दिली आणि मांसाच्या कोट्यातला फक्त १५ टक्के हिस्सा अर्जेंटिनाच्या मालकीच्या कंपन्यांना ठेवला. उरलेला ८५ टक्के परदेशी मालकीच्या मांस कारखान्यांकडे गेला. आपल्याच गुरांचं मांस, आणि त्यातला १५ टक्के वाटा आपल्या माणसांना! बाजारात दोन्ही बाजू सारख्या बळाने उभ्या असतात यावर विश्वास ठेवणं हा करार जवळून पाहिलेल्या माणसाला कठीणच जाणार.

आकडे का घसरतात, याचं उत्तर त्यांनी हावानाच्या अहवालात दिलं, ते मजुरीतून. तेजीत औद्योगिक देशांतला कारखानदार कमावतो आणि कामगार संघटना त्यातला वाटा पगारवाढीत वसूल करतात. मंदी आली की तो पगार सहजासहजी खाली आणता येत नाही. ताण कुठेतरी निघायला हवा, तो निघतो कच्च्या मालाच्या भावावर. मळ्यातल्या, खाणीतल्या मजुराच्या पाठीशी संघटना नाही आणि त्याची जागा घ्यायला दहा माणसं दारात उभी. त्यामुळे तिकडचा भाव चढताना जेवढा चढला त्याहून जास्त उतरतो. अशी दोन-चार आवर्तनं झाली की शंभराचे अडुसष्ट होतात. औद्योगिक देश केंद्रात आणि बाकीचे परिघावर, ही त्यांची मांडणी याच्यावर उभी आहे.

तक्त्यावर हल्ले झाले, आणि त्यातले काही अगदी रास्त होते. जेकब वायनर यांनी १९५० मध्ये रिओत व्याख्यानं देऊन या मांडणीची चिरफाड केली. पुढे दुसऱ्या टीकाकारांनी नेमकी जागा पकडली : ब्रिटनच्या आयातीच्या भावात जहाजाचं भाडं धरलेलं असतं, निर्यातीच्या भावात ते नसतं. आणि आगबोटी आल्यावर भाडी तर खूपच उतरली होती. म्हणजे ब्यूनोस आयरिसच्या धक्क्यावर गव्हाला पूर्वीइतकाच भाव मिळत असला तरी लंडनच्या वहीत तो घसरलेला दिसणार. दुसरी हरकत दर्जाची. १८८० चा गव्हाचा दाणा आणि १९४७ चा दाणा एकच, पण १८८० चं यंत्र आणि १९४७ चं यंत्र एक नव्हे. चांगल्या वस्तूला जास्त पैसे पडले तर त्याला महागाई कसं म्हणायचं?

मला या हरकती मोलाच्या वाटतात. विशेषतः भाड्याची हरकत, कारण ती मूळ दुखण्यावरच बोट ठेवते. ब्यूनोस आयरिसच्या, सान्तोसच्या, वाल्पाराइसोच्या धक्क्यावरचा भाव कोणी सलग लिहून ठेवला असता, तर भाड्याचा प्रश्न उद्भवलाच नसता. टीकाकारांनी तक्ता चुकीचा ठरवला असं नाही. ज्या वहीतून तो आला ती परक्या बंदरातली आहे, हे त्यांनी जगासमोर ठेवलं. घसरणीचा वाद तसा अजून मिटलेला नाही. १९८८ मध्ये ग्रिली आणि यांग या जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी १९०० पासूनची मालिका नव्याने बांधली, तेव्हा कच्च्या मालाचे सापेक्ष भाव दर वर्षी सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरत आल्याचं त्यांना दिसलं. प्रेबिश यांच्या तक्त्याहून ही घसरण सौम्य, पण दिशा तीच.

अहवालाबद्दलची एक गोष्ट गेल्या वेळी राहून गेली. संयुक्त राष्ट्रांचे अहवाल संस्थेच्या नावाने निघतात, लेखक पडद्याआड असतो. हा अहवाल मात्र प्रेबिश यांच्या नावाने निघाला. मजकूर इतका स्फोटक होता की त्याची जबाबदारी संस्थेवर येऊ नये, असं वरच्यांना वाटलं. हात झटकण्यासाठी दिलेलं हे नाव पुढे सेपालची ओळख बनलं. सेल्सो फुर्तादो या तरुण ब्राझिली सहकाऱ्याने अहवाल लगोलग पोर्तुगीजमध्ये नेला आणि तो त्याच वर्षी रिओच्या एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात छापून आला. हे नियतकालिक या विचाराच्या विरोधकांचं होतं; त्यांचे अध्वर्यू एउजेनियो गुदिन यांनी पुढे तिथेच त्यावर टीका केली. विरोधी मताला आपल्या पानांवर पूर्ण जागा द्यायची आणि मग त्याच पानांवर उत्तर द्यायचं, हे पाहून मला त्या संपादकांबद्दल मनापासून आदर वाटतो.

आणि आता यातून निघणाऱ्या पुढच्या प्रश्नाकडे. तक्ता परक्याचा होता, तर सेपालने पुढे काय केलं? स्वतःची वही घातली. त्यांची वार्षिक आर्थिक पाहणी १९४८ या वर्षापासून सुरू झाली, ती आजही निघते. पण वही घालायची तर ती लिहिणारे हात हवेत. म्हणून १९५२ पासून सांतियागोत सरकारी अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू झाले, चिलीचे अर्थतज्ज्ञ होर्हे आउमादा यांच्या देखरेखीखाली. वेगवेगळ्या देशांच्या खात्यांतले लोक यायचे, राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब कसा मांडायचा, एखाद्या धरणाचा किंवा कारखान्याचा खर्च-लाभ कसा तोलायचा, हे शिकून आपापल्या खात्यात परतायचे. पुढल्या बैठकीत त्यातलाच कोणी आपल्या देशाचा कागद घेऊन समोर बसलेला असे, आणि त्याचा हिशेब शेजारच्या देशाच्या हिशेबाशी जुळत असे, कारण दोघे एकाच वर्गात शिकलेले. प्रादेशिक मंचावर संवाद होतो म्हणतात, तो मला या वर्गात सगळ्यात जास्त दिसतो. १९५७ मध्ये याच शहरात लोकसंख्येच्या अभ्यासाचं केंद्र उघडलं, १९६२ मध्ये नियोजनाची संस्था उभी राहिली.

संशोधनातल्या भागीदारीचा उत्तम नमुना ब्राझीलमध्ये दिसतो. तिथली राष्ट्रीय विकास बँक आणि सेपाल यांनी १९५३ मध्ये एक संयुक्त गट नेमला, प्रमुख फुर्तादो. बँकेकडे देशातली माहिती आणि कर्ज देण्याची ताकद, सेपालकडे हिशेबाची पद्धत आणि बाकीच्या देशांचा अनुभव. वीज किती लागेल, पोलाद किती, त्यासाठी परकीय चलन कुठून यायचं, असा सारा अंदाज या गटाने बांधला. १९५६ मध्ये कुबिचेक अध्यक्ष झाले आणि त्यांनी आपला प्रसिद्ध लक्ष्य-कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा त्याच्या पायाशी या गटाचं काम होतं. एकट्या बँकेला हे जमलं नसतं. आणि नुसता सेपालने सांतियागोत बसून अहवाल लिहिला असता तर तो रिओच्या कुठल्यातरी कपाटात पडून राहिला असता.

कोल्हापूरच्या वाचकांनी पत्राच्या शेवटी विचारलंय की एवढं सगळं चाललं असताना अमेरिका गप्प कशी बसली. ती गप्प बसली नाही. अमेरिका सेपालची पहिल्यापासून सदस्य होती आणि पहिल्यापासून नाखूश. चिलीचे एर्नान सांता क्रूस यांनी १९४७ मध्ये आयोगाचा प्रस्ताव मांडला, तेव्हाच तिचा विरोध होता. म्हणूनच १९४८ मध्ये आयोगाला फक्त तीन वर्षांची मुदत मिळाली. ती १९५१ मध्ये संपत होती. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी राष्ट्रांची दुसरी एक आर्थिक परिषद होतीच, तिच्यात सेपाल विलीन करून टाकावा असा बेत मेक्सिकोच्या बैठकीत आला. त्या वेळी ब्राझीलचे अध्यक्ष व्हार्गास यांनी कोणती बाजू घेतली आणि मत द्यायच्या वेळी काय घडलं, ते पुढच्या आठवड्यात.