पाणीवापर-शिक्षण, विशेष मुलांचे

विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यांना पिणे, हात धुणे, स्नान, शौचशुद्धी, भांडी घासणे इ. नित्य व्यवहारांत पाण्याचा योग्य, सुरक्षित व शक्य तितका स्वावलंबी वापर करता यावा, म्हणून दिले जाणारे शिक्षण. सर्वसाधारण शाळेत पाणी हा परिसर-अभ्यासातील एक पाठ असतो. विशेष शिक्षणात त्याचा संबंध विद्यार्थ्याच्या आरोग्याशी व प्रतिष्ठेशी येतो. पाण्याचे उपयोग मुखोद्‌गत असूनही तहान लागल्यावर स्वतः पेलाभर पाणी घेता येत नसेल, तर ते शिक्षण अपुरेच म्हणावे लागेल.

शब्दापेक्षा प्रत्यक्ष अनुभवाला येथे अग्रस्थान असते. ५ एप्रिल १८८७ रोजी ॲन सलिव्हन यांनी मूकबधिर व अंध हेलन केलर हिचा एक हात पंपाच्या धारेखाली धरून दुसऱ्या हातावर ‘पाणी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे बोटांनी लिहिली. प्रत्येक वस्तूला नाव असते, हा बोध तिला त्यातून झाला. मुंबईत बौद्धिक अक्षमता असणाऱ्या मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ मध्ये, तर बधिर व बधिरांध मुलांसाठी हेलन केलर यांच्या नावाची संस्था १९७७ मध्ये स्थापन झाली.

बौद्धिक अक्षमता असणाऱ्या मुलांना शिकविताना कृतीचे लहान पायऱ्यांत विभाजन करतात. उदा., हात धुताना बाह्या सारणे, तोटी सोडणे, हात भिजविणे, साबण चोळणे, हात खळबळणे, तोटी बंद करणे व हात पुसणे. पुष्कळदा शेवटची पायरी प्रथम शिकवितात. त्यामुळे काम पुरे केल्याचे समाधान मुलाला आरंभापासून लाभते. अंध मुलास पेल्याच्या काठावर आत वाकविलेल्या बोटाने व बदलत्या आवाजावरून पाण्याची पातळी कळते. मेंदूच्या पक्षाघाताने हातांची पकड दुर्बळ झालेल्या मुलास दांड्याची तोटी व दोन कानांचा पेला सोयीचा पडतो. बधिर मुलास वस्तू, कृती व खूण एकत्र दाखवितात. स्वमग्न मुलांना चित्रक्रम उपयोगी पडतो. त्यांपैकी काहींना पाण्याचे तीव्र आकर्षण असते. म्हणून विहीर, पिंप व किनारा येथे सतत देखरेख आवश्यक असते.

शाळेत शिकलेली कृती घरी आपोआप होईलच असे नाही, कारण तेथील साधने व पाण्याचे प्रकारही निराळे असू शकतात. मुंबई उपनगर जिल्ह्यातील मनोरी हे गाव याचे उत्तम उदाहरण ठरेल. तेथे एका बाजूस अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूस खाडी आहे. परंतु दर लिटरला सु. ३५ ग्रॅ. क्षार असलेले समुद्राचे पाणी पिण्यास निरुपयोगी असते. मुंबई महानगरपालिकेने समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प मनोरी येथेच योजिला, हेही या संदर्भात लक्षणीय आहे. खारे व गोडे पाणी डोळ्यांना सारखेच दिसते. त्यामुळे ‘पाणी दिसले की प्यावे’ अशी सवय न लावता, पिण्याच्या पाण्याचा माठ आणि वापरण्याच्या पाण्याची बादली यांच्या ठराविक जागा, रंग वा स्पर्शखुणा शिकवाव्या लागतात. चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्याची चव देऊन हा भेद सुरक्षितपणे स्पष्ट करता येतो.

प्रगतीचे मापन लेखी परीक्षेने न करता विद्यार्थी कोणती पायरी स्वतः, कोणती सूचनेने व कोणती हात धरून करतो, याच्या नोंदीने करतात. हीच नोंद पालकांनी घरी चालू ठेवल्यास शिकलेली कृती अंगवळणी पडते.